कराची ते जुहू : वेळेशी पैज लावणारे जे.आर.डी.

मित्रांनो, सुरुवातीलाच एक गणित घेऊ. व्हायवाला कोणी विचारणार नाही, पण आहे मजेशीर.

जालना ते मुंबई हे सरळ रेषेतलं, म्हणजे पक्षी उडेल तसं अंतर साधारण ३२५ किलोमीटर. रेल्वे मात्र मनमाडवरून वळसा घेऊन जाते, म्हणून रुळावर तेच अंतर ४३५ किलोमीटरच्या आसपास होतं. ३० डिसेंबर २०२३ ला जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली तेव्हा तिला मुंबईला पोचायला जवळपास सात तास लागत. (पुढे ही गाडी नांदेडपर्यंत वाढवली.) आता १९३२ सालचं एक छोटं विमान घ्या. एकच इंजिन, पंख्यावर चालणारं, ताशी सरासरी १५५ किलोमीटर वेगाचं. ते जर जालन्याहून सरळ मुंबईला उडालं असतं तर किती वेळ लागला असता? ३२५ भागिले १५५. दोन तास सहा मिनिटं!

म्हणजे नव्वद वर्षांपूर्वीचं खेळण्याएवढं विमान आपल्या आजच्या सगळ्यात भारी गाडीच्या तिप्पट लवकर पोचलं असतं. मग आपण सगळे विमानाने का जात नाही? नुसतं पैशाचं कारण सांगून भागत नाही. विमानतळ जालन्यात नाही, छत्रपती संभाजीनगरला चिकलठाण्याला आहे. तिथपर्यंत रस्त्याने एक तास. उड्डाणाच्या दीड-दोन तास आधी हजर राहायचं. प्रत्यक्ष उड्डाण तासाभराचं. मुंबईत उतरल्यावर सामान, टॅक्सी, ट्रॅफिक यात आणखी तास-दीड तास. बेरीज करा. उडण्याचा वेळ एक तास आणि प्रवासाचा वेळ पाच तास. विमान आकाशात जे कमावतं ते जमिनीवर खर्च होतं.

हा जमिनीवरचा वेळ ज्या माणसाने आपल्या देशात सगळ्यात आधी ओळखला आणि मिनिटामिनिटासाठी जन्मभर भांडत राहिला, तो म्हणजे जे.आर.डी. टाटा. आपल्याला ते उद्योगपती म्हणून माहीत आहेत. टाटा स्टील, टेल्को, टीसीएस ही नावं तर कॅम्पस इंटरव्ह्यूच्या काळात आपल्या तोंडीच असतात. पण त्यांचा खरा जीव कशात होता हे बघायचं तर कारखान्यात नाही, विमानात बघावं लागतं.

जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचा जन्म २९ जुलै १९०४ चा, पॅरिसचा. वडील पारशी, आई सुझान ब्रिएर ही फ्रेंच. जमशेटजी टाटा हे वडिलांचे नातेवाईक आणि वडील टाटा कंपनीतच भागीदार. मुलाचं बालपण फ्रान्स, मुंबई, जपान आणि इंग्लंड असं विखुरलेलं गेलं. उन्हाळ्यात हे कुटुंब उत्तर फ्रान्समधल्या हार्डेलो या समुद्रकाठच्या गावी राहायला जायचं. आणि तिथे शेजारी कोण? लुई ब्लेरिओ!

२५ जुलै १९०९ ला याच ब्लेरिओने विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली. अंतर फार नव्हतं. सरळ रेषेत जालना ते अंबड आहे त्यापेक्षा जास्त. वेळ लागला सदतीस मिनिटांच्या आसपास. पण खाडी ओलांडून विमानाने पलीकडच्या देशात जाता येतं हे जगाला त्या दिवशी कळलं. तेव्हा जहांगीर पाच वर्षांचा व्हायला चार दिवस कमी होते. हार्डेलोच्या किनाऱ्यावर विमानं उतरायची, पोरं बघायला धावायची. पंधराव्या वर्षी तिथेच एका विमानात बसून त्याने पहिली फेरी मारली आणि आपण पायलट व्हायचं हे मनाशी पक्कं करून टाकलं.

इथे आपल्यासारख्यांना जवळची वाटेल अशी एक गोष्ट आहे. जे.आर.डीं.ना इंजिनिअरिंग शिकायचं होतं, तेही केंब्रिजला. त्यासाठी इंग्लंडमध्ये तयारीही चालू होती. पण ते फ्रेंच नागरिक होते आणि फ्रान्समध्ये तरुणांना सक्तीने लष्करात जावं लागे. वर्षभर ती नोकरी केली. परत आल्यावर वडिलांनी कॉलेजऐवजी मुंबईच्या ऑफिसात बोलावून घेतलं. १९२५ साली ते टाटा कंपनीत शिकाऊ म्हणून लागले, जॉन पीटरसन नावाच्या अनुभवी अधिकाऱ्याच्या हाताखाली. पुढच्याच वर्षी वडील वारले. आई तर त्याआधी १९२३ मध्येच गेली होती. बाविसाव्या वर्षी घरातलं थोरलेपण अंगावर आलं आणि केंब्रिज कायमचं राहून गेलं. डिग्री हातात नसल्याची खंत त्यांना आयुष्यभर राहिली. आपल्यातल्या ज्यांना एखादा बॅकलॉग म्हणजे जगाचा शेवट वाटतो त्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. देशातली पहिली विमान कंपनी उभी करणाऱ्या माणसाकडे इंजिनिअरिंगची डिग्री नव्हती. पण अभ्यास होता. पुस्तकं घेऊन तो त्यांचा ते करत राहिले.

१९२८-२९ च्या सुमारास मुंबईत फ्लाइंग क्लब निघाला आणि जे.आर.डीं.ची जुनी इच्छा उसळून वर आली. १० फेब्रुवारी १९२९ ला त्यांना पायलटचं लायसन्स मिळालं. त्यावर नंबर होता १. भारतात दिलं गेलेलं ते पहिलं लायसन्स. त्याच वर्षी त्यांनी फ्रेंच नागरिकत्व सोडलं.

१९३० सालासाठी आगाखानांनी एक बक्षीस जाहीर केलं. इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड हे अंतर जो भारतीय एकट्याने विमान चालवत एका महिन्याच्या आत पार करेल, त्यातल्या पहिल्याला ५०० पौंड. जे.आर.डी. कराचीहून पश्चिमेकडे निघाले. त्याच वेळी अस्पी इंजिनिअर नावाचा सतरा वर्षांचा पोरगा इंग्लंडहून पूर्वेकडे निघाला होता. दोघांची गाठ पडली इजिप्तमध्ये, अबुकीरच्या विमानतळावर. अस्पीचं विमान स्पार्क प्लगच्या भानगडीने अडकून पडलं होतं. सुटा प्लग मिळेना. जे.आर.डीं.नी आपल्याजवळचे प्लग काढून दिले. दोघं आपापल्या दिशेला उडाले. निकाल लागला तेव्हा अस्पी काही तासांच्या फरकाने जिंकला होता!

स्पर्धेतल्या प्रतिस्पर्ध्याला स्पार्क प्लग देणं म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री आपल्या नोट्स दुसऱ्याला देणं. आपल्यापैकी किती जण देतील हे ज्याचं त्याने ठरवावं. हाच अस्पी इंजिनिअर पुढे १९६० मध्ये भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. मार्च १९२९ मध्ये इंग्लंडच्या इम्पिरियल एअरवेजने लंडन ते कराची अशी टपाल आणि प्रवाशांची सेवा सुरू केली. त्यातही मधला एक टप्पा, स्वित्झर्लंडमधलं बाझल ते इटलीतलं जिनोआ, आगगाडीने करावा लागे. पूर्ण प्रवासाला आठवडाभर जायचा. तरी बोटीच्या मानाने तो फारच वेगवान होता. पण कराचीला विमान उतरलं की पुढे काय? मुंबई, मद्रासचं टपाल तिथून रेल्वेने निघायचं. कराचीहून मुंबईला रेल्वेचा सरळ मार्ग नव्हता. कच्छचं रण मध्ये येतं, म्हणून गाडी सिंधमधून जोधपूरच्या वाळवंटाकडे वळसा घालून अहमदाबादला यायची. त्यात मीटरगेज आणि ब्रॉडगेजची भानगड. गेज बदललं की गाडी बदलायची, पोती उतरवायची, पुन्हा चढवायची.

हा प्रकार जालनेकरांना समजावून सांगायची गरज नाही. आपल्याकडे १९०० साली निजामाच्या काळात मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज आली आणि नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज होईपर्यंत मुंबईला जाणारा प्रत्येक माणूस मनमाडला ट्रंका घेऊन गाडी बदलत होता. स्टाफमधल्या मोठ्या मंडळींना विचारा, ते सांगतील.

म्हणजे बघा, लंडनहून हजारो किलोमीटर उडत आलेलं पत्र शेवटच्या हजार किलोमीटरला येऊन रखडायचं. हे ज्याने ओळखलं तो होता नेव्हिल व्हिन्सेंट, इंग्लंडच्या हवाई दलातून निवृत्त झालेला दक्षिण आफ्रिकेचा पायलट. त्याने योजना आखली की कराचीला आलेलं टपाल छोट्या विमानाने अहमदाबाद, मुंबई, बेल्लारी असं करत मद्रासला न्यायचं. पैसा लावणारं कोणी हवं म्हणून तो टाटांकडे आला. जे.आर.डी. ताबडतोब तयार. पण कंपनीचे प्रमुख सर दोराबजी टाटा नाराज होते. ते वयस्कर, आजारी, आणि हा धंदा बेभरवशाचा. शेवटी पीटरसनने मध्ये पडून त्यांचं मन वळवलं. भांडवल ठरलं दोन लाख रुपये.

सरकारही सहज बधलं नाही. अनुदान मागितलं, नाही म्हणाले. मग टाटांनी अनुदान सोडून दिलं. विमानाच्या टपालावर जो जादा आकार लागेल तेवढ्यावर आम्ही चालवतो अशी तयारी दाखवली. अशा हुज्जतीत तीन वर्षं गेली आणि एप्रिल १९३२ मध्ये करार झाला.

१५ ऑक्टोबर १९३२. कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून सकाळी साडेसहाच्या सुमारास जे.आर.डीं.नी पुस मॉथ विमान वर उचललं. द हॅविलँड कंपनीचं हे विमान. आत पायलट आणि एक-दोन माणसं जेमतेम मावतील एवढी जागा. सोबत टपालाची पोती, वजन सुमारे २५ किलो. रेडिओ नाही. खाली काय दिसतं ते बघायचं, होकायंत्र बघायचं, घड्याळ बघायचं आणि मनात हिशेब करत राहायचं.

हा हिशेब आपल्या मेकॅनिक्सच्या पेपरातल्या रिलेटिव्ह व्हेलॉसिटीसारखाच आहे. विमानाचा वेग हवेच्या मानाने मोजला जातो. पण हवा स्वतःच सरकत असते. समोरून ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर १६० चे १३० होतात. वारा बाजूने असेल तर नाक थोडं वाऱ्याच्या दिशेला वळवून ठेवावं लागतं, नाहीतर तासाभरात विमान पंधरा-वीस किलोमीटर बाजूला गेलेलं असतं. म्हणून विमानाच्या बाबतीत अंतर एकच असलं तरी वेळ रोज वेगळा असतो. आजही मुंबई-लंडनला जाताना जास्त वेळ लागतो आणि येताना कमी, कारण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. पेपरात हा प्रश्न चुकला तर दोन मार्क जातात. पुस मॉथमध्ये चुकला असता तर खाली रण होतं.

कराची ते मुंबई सरळ रेषेत साधारण ८८० किलोमीटर. पण एका टाकीत तेवढं अंतर जमणारं नव्हतं, म्हणून अहमदाबादला थांबा. त्या मार्गाने अंतर झालं १०४० किलोमीटरच्या आसपास. इथे अंतर वाढलं ते इंधनामुळे. अहमदाबादला विमान उतरलं तेव्हा पेट्रोल कशातून आलं असेल? बैलगाडीतून! बर्मा शेल कंपनीचे चार-चार गॅलनचे डबे बैलगाडीवर लादून मैदानावर आणले होते. ते एकेक करून टाकीत ओतले आणि विमान पुन्हा उडालं. देशातली सगळ्यात वेगवान सेवा आणि तिला इंधन पुरवणारं सगळ्यात हळू वाहन, दोन्ही एकाच मैदानात. पण बैलगाडी वेळेवर हजर होती, हे महत्त्वाचं.

दुपारी दोनच्या आत जे.आर.डी. जुहूला उतरले. सव्वासात तासांच्या आसपासचा प्रवास झाला. थांबा वजा केला तर ताशी दीडशे ते एकशे साठ किलोमीटरची सरासरी येते. जुहूला व्हिन्सेंट दुसरं पुस मॉथ घेऊन तयार होता. मद्रासची पोती त्याच्या विमानात टाकली आणि तो बेल्लारीकडे निघाला. भारतातली नियमित हवाई टपाल सेवा सुरू झाली.

ही कंपनी म्हणजे केवढी? दोन विमानं. व्हिन्सेंट, जे.आर.डी. आणि होमी भरुचा असे तीन पायलट. तीन मेकॅनिक. ऑफिस म्हणजे जुहूला झावळ्यांचं छप्पर असलेली एक मातीची झोपडी. धावपट्टी म्हणजे समुद्राशेजारचं मोकळं मैदान. पावसाळ्यात तिथे पाणी भरायचं, मग सगळा बाडबिस्तरा पुण्याला येरवड्याला हलवायचा.

तरीही पहिल्या वर्षात या लोकांनी सुमारे १,६०,००० मैल उड्डाण केलं, १५५ प्रवासी नेले, जवळपास ११ टन टपाल पोचवलं आणि ६०,००० रुपये नफा मिळवला. पण या सगळ्यापेक्षा मोठा आकडा दुसराच होता. वेळ पाळण्याचं प्रमाण शंभर टक्के! पाऊस असो, धुकं असो, पश्चिम घाटावरचे ढग असोत. सरकारच्या नागरी विमान खात्यानेही आपल्या अहवालात याची खास दखल घेतली. थोड्याच काळात या मार्गावर हैदराबादचाही थांबा आला. पुढे चाळीसच्या दशकात हैदराबाद संस्थान आणि टाटा एअरलाइन्स यांनी मिळून डेक्कन एअरवेज काढली. म्हणजे आपला मराठवाडा ज्या संस्थानात होता त्याच्या राजधानीत विमान पोचलं होतं, तेव्हा जालन्याचा माणूस मनमाडला गाडी बदलत होता.

व्हिन्सेंटला पुढचे दिवस बघायला मिळाले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात, जानेवारी १९४२ मध्ये, इंग्लंडहून परत येताना तो बसलेलं लष्करी विमान फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ पाडलं गेलं. झोपडीतल्या कंपनीचा खरा कल्पक गेला. आपल्याकडे त्याचं नाव फारसं कोणी घेत नाही, ते घ्यायला हवं.

१९३८ साली वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी जे.आर.डी. टाटा सन्सचे अध्यक्ष झाले. टेल्को, टाटा मूलभूत संशोधन संस्था, आणखी कितीतरी कामं त्यांच्या काळात उभी राहिली. त्यावर वेगळा लेख होईल. आपण विमानाबरोबर राहू. २९ जुलै १९४६ ला, त्यांच्या वाढदिवशीच, टाटा एअरलाइन्सचं नाव एअर-इंडिया झालं. आणि ८ जून १९४८ ला ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान पस्तीस प्रवासी घेऊन मुंबईहून लंडनला निघालं. सरळ अंतर ७,२०० किलोमीटर, पण कैरो आणि जिनिव्हा असे थांबे घेत सुमारे ८,००० किलोमीटर. वेळ साधारण एक दिवस. विमानात जे.आर.डी. स्वतः होते आणि त्यांना एकच काळजी होती, वेळेवर पोचू ना? कारण अशा मोठ्या मार्गावर हे पहिल्यांदाच भारतीय कंपनी करत होती. उशीर झाला असता तर लोक विमानाला नाही, देशाला हसले असते.

पुढे जिनिव्हात एक किस्सा सांगितला जायचा. एकाने दुसऱ्याला किती वाजले विचारलं, तर त्याने घड्याळाऐवजी खिडकीबाहेर बघून वेळ सांगितली, कारण एअर-इंडियाचं विमान तेव्हा उतरत होतं. किस्सा खरा की रचलेला हे सोडा. असा किस्सा रचला जावा हीच पावती आहे.

ही वेळ काही पायलटने जोरात विमान पळवून साधत नाही. इंजिनाची तपासणी आदल्या रात्री पुरी झालेली असणं, सामान वेळेवर चढणं, जेवणाचे डबे वेळेवर येणं, शिडी जागेवर असणं, यातून ती साधते. विमान कंपन्या जो वेळ धरतात तो चाकाखालच्या अडणी काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंतचा. त्यातले कितीतरी मिनिटं विमान जमिनीवरच असतं. जे.आर.डी. कुठेही विमानाने गेले की डोळे उघडे ठेवून बसायचे आणि परत आल्यावर लांबलचक टिपणं पाठवायचे. पडदा नीट लागत नाही, खुर्ची पुरेशी मागे जात नाही, चहा आणि कॉफीचा रंग ओळखू येत नाही, संडास स्वच्छ नव्हता. अध्यक्षांनी असल्या बारीक गोष्टीत पडावं का, असं कोणाला वाटेल. पण काउंटरवर धूळ दिसली तर फडकं मागून स्वतः पुसणारा हा अध्यक्ष होता.

आता त्यांचं न पटलेलं, किंवा ज्यात ते पूर्ण बरोबर नव्हते असं वाटतं, तेही सांगायला हवं. स्वातंत्र्यानंतर सरकारने रात्रीच्या हवाई टपालाची योजना आणली. जानेवारी १९४९ मध्ये ती सुरू झाली. कल्पना साधी आणि सुंदर. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून रात्री एकेक विमान निघायचं आणि सगळी मध्यरात्रीच्या सुमारास आपल्या नागपूरला जमायची. तिथे पोती आणि प्रवासी अदलाबदल करायचे आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या गावी परत! नागपूर चारही शहरांपासून सातशे ते हजार किलोमीटरवर. डाकोटा विमानाला तेवढं अंतर अडीच ते पावणेचार तासांचं. चार शहरं एकमेकांशी थेट जोडायची तर सहा मार्ग लागतात, मध्ये नागपूर ठेवलं की चारच पुरतात. कॉम्प्युटरच्या मुलांना हे स्टार टोपोलॉजी म्हणून लगेच कळेल.

जे.आर.डीं.नी या योजनेला जाहीर विरोध केला. रात्री उतरायला लागणारे दिवे, रेडिओ, यंत्रणा पुरेशा नाहीत आणि घाई करू नये असं त्यांचं म्हणणं होतं. मंत्री रफी अहमद किडवई यांच्याशी त्यांचा यावरून चांगलाच खटका उडाला. सेवा मध्ये अडखळली, पण पुन्हा उभी राहिली आणि दोन दशकांहून जास्त काळ चालली. सुरक्षिततेची काळजी खरी होती, पण नागपूरचं गणितही खरं होतं.

महायुद्ध संपल्यावर लष्कराची डाकोटा विमानं स्वस्तात विकली गेली, त्यामुळे विमान कंपन्यांचं पेव फुटलं. कंपन्या जास्त आणि धंदा कमी. १९५० मध्ये न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या समितीने या सगळ्याची चौकशी केली. शेवटी सरकारने राष्ट्रीयीकरणाचा रस्ता धरला आणि १ ऑगस्ट १९५३ ला सगळ्या कंपन्या सरकारच्या झाल्या. जे.आर.डीं.ना हा घाव फार लागला. आपल्याला नीट विचारलंही नाही ही त्यांची तक्रार होती. तरी सरकारने एअर-इंडिया इंटरनॅशनलचं अध्यक्षपद देऊ केलं तेव्हा त्यांनी ते घेतलं, तेही बिनपगारी. मालकी गेली, काम राहिलं. पुढची पंचवीस वर्षं त्यांनी ते केलं. १९६० मध्ये बोइंग ७०७ जेट विमानं आली आणि लंडनपर्यंत उडण्याचा वेळ जवळजवळ निम्म्यावर आला. १९६२ पर्यंत एअर-इंडिया पूर्ण जेट विमानांची कंपनी झाली, जगात सगळ्यात आधी.

आणि १९७८ च्या फेब्रुवारीत मोरारजी देसाईंच्या सरकारने त्यांना अध्यक्षपदावरून काढलं. त्याच्या महिनाभर आधी, १ जानेवारीला, ‘सम्राट अशोक’ हे जंबो विमान वांद्र्याजवळच्या समुद्रात कोसळून २१३ माणसं गेली होती. सरकारी पत्र हातात पडण्याआधीच काढल्याची बातमी त्यांच्या कानावर आली. शेहेचाळीस वर्षांच्या कामाचा निरोप असा झाला. १९८० मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने त्यांना संचालक मंडळावर परत घेतलं, पण अध्यक्षपद काही परत आलं नाही.

दुसरा कोणी असता तर आठवणी लिहीत बसला असता. जे.आर.डीं.नी काय केलं? पहिल्या उड्डाणाला तीस वर्षं झाली तेव्हा, १९६२ मध्ये, अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी कराची-मुंबई उड्डाण पुन्हा केलं होतं. १५ ऑक्टोबर १९८२ ला पन्नास वर्षं झाली आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ते परत कराचीहून निघाले! विमान जुनंच, लेपर्ड मॉथ. एकटेच. तोच अहमदाबादचा थांबा, तेच जुहू. जेट विमान जे अंतर दीड-पावणेदोन तासांत कापतं त्याला त्यांनी अर्धा दिवस लावला. हे उड्डाण त्यांनी तरुण पोरांसाठी केलं होतं. आपल्या हातून काही होणार नाही अशी जी मरगळ देशात आली आहे ती थोडी झटकली जावी, हा त्यांचा हेतू होता. तेव्हाच्या तरुणांना जो निरोप होता तो आपल्यालाही लागू आहे.

१९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. २९ नोव्हेंबर १९९३ ला जिनिव्हात ते वारले, वय एकोणनव्वद. पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती दिली. आणि २७ जानेवारी २०२२ ला एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आली. ते बघायला जे.आर.डी. नव्हते.

मित्रांनो, आपण इंजिनिअर होणार. वेग वाढवणारी इंजिनं बनवणारे आपल्यात थोडेच असतील. पण गेज बदलताना पोती उतरवायला किती वेळ जातो, पेट्रोलची बैलगाडी मैदानावर किती वाजता येते, पावसाळ्यात जुहूऐवजी कुठून उडायचं, हे प्रश्न सोडवणारे बहुतेक सगळेच असतील. आपल्या जालन्याचं बियाणं आणि सळई देशभर जाते. समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये पूर्ण झाला. आता गाडी महामार्गावर धावते किती, आणि गोडाऊनच्या दारात, काट्यावर, कागदपत्रांसाठी थांबते किती, हे कोणीतरी घड्याळ लावून मोजायला हवं. प्रोजेक्टला विषय मिळत नाही अशी ओरड दर वर्षी असते. हा घ्या विषय. थांबलेले तास मोजा, ते कशामुळे थांबले ते लिहा आणि त्यातला एक तरी कमी करून दाखवा. जे.आर.डीं.नी दोन विमानं, तीन मेकॅनिक आणि एका झोपडीच्या जोरावर याच कामाला सुरुवात केली होती.